खिडक्या, हीट पंप, सोलर: २०२५ च्या रिटर्नमध्ये नेमका किती कर वाचतो?

प्रश्न न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका ताईंचा आहे. २०२५ मध्ये त्यांनी घरावर हात मोकळा सोडला. नवा हीट पंप, म्हणजे घर गरम आणि थंड करणारं विजेवरचं यंत्र, बसवला (१४,५०० डॉलर, त्यावर वीज कंपनीकडून ३,००० डॉलर रिबेट), नऊ खिडक्या बदलल्या (१०,८००), पुढचं दार बदललं (१,६००), ॲटिकमध्ये इन्सुलेशन भरलं (२,६००), त्याआधी एनर्जी ऑडिट, म्हणजे घरात ऊर्जा कुठे वाया जाते याची तपासणी, करून घेतलं (४००), छप्पर नवं केलं (१२,०००) आणि त्यावर सोलर बसवलं (२६,०००). सगळे मिळून ६७,९०० डॉलर. सोलर विकायला आलेल्या माणसाने सांगितलं, "सगळ्यावर तीस टक्के सरकार देतं." यजमानांनी गुणाकार केला आणि वीस हजारांचा चेक येणार असं धरून मे महिन्याची भारताची तिकिटंही काढली. ताईंना मात्र शंका आली. शिवाय पुण्यात सासऱ्यांच्या बंगल्यावर सोलर बसवायचं आहे, तेही यात बसतं का, असं त्यांनी विचारलंय.

मी एनरोल्ड एजंट आहे, म्हणजे आयआरएससमोर (अमेरिकेच्या कर खात्यासमोर) करदात्याची बाजू मांडायचा परवाना असलेली व्यक्ती, आणि गेली अनेक वर्षं इथे मराठी-गुजराती-तेलुगू घरांचे रिटर्न भरते. ताई, तुमची शंका बरोबर आहे. माझ्या हिशोबाने तुमचं क्रेडिट, म्हणजे करातून थेट वजा होणारी रक्कम, ११,००० डॉलर होतं. त्यातले ६,००० यंदा वापरता येतील आणि ५,००० पुढच्या वर्षी जातील. चेक असा कुठलाच येणार नाही. छपराचं शून्य, पुण्याचं शून्य. तिकिटं परत करायची गरज नाही, पण आकडा का बदलला ते समजून घ्या, कारण सही तुमची असते.

इथे दोन वेगळी क्रेडिट्स आहेत आणि लोक ती एकाच पिशवीत टाकतात. खिडक्या, दारं, इन्सुलेशन, हीट पंप, ऑडिट हे कर कायद्याच्या कलम २५सी खाली येतं. सोलर, घरातली बॅटरी, जिओथर्मल हे कलम २५डी खाली. फॉर्म एकच, ५६९५, पण त्याचे दोन भाग आहेत आणि दोन्हींचे नियम निराळे. तीस टक्के हा दर दोन्हीकडे आहे, म्हणून घोटाळा होतो. २५डी मध्ये सोलरला वरची मर्यादा नाही आणि उरलेलं क्रेडिट पुढच्या वर्षी नेता येतं. २५सी मध्ये पावलोपावली मर्यादा आहे आणि उरलेलं तिथेच मरतं.

आधी २५सी. यात हीट पंप, हीट पंप वॉटर हीटर आणि लाकडाच्या इंधनावरचे ठरावीक स्टोव्ह यांना मिळून वर्षाला २,००० डॉलर. बाकी सगळ्याला मिळून १,२००. त्या बाराशेच्या आत पुन्हा कप्पे: सगळ्या खिडक्यांना मिळून ६००, एका दाराला २५० आणि सगळ्या दारांना ५००, ऑडिटला १५०, सेंट्रल एसी, फर्नेस, गॅसचा गीझर अशा प्रत्येक वस्तूला ६००. इन्सुलेशनला स्वतंत्र कप्पा नाही, ते थेट बाराशेत मोजलं जातं.

आता तुमची बिलं लावू. हीट पंपचे १४,५००, पण वीज कंपनीने दिलेले ३,००० आधी वजा करायचे, कारण ते पैसे तुम्ही खर्च केलेच नाहीत. उरले ११,५००, त्याचे तीस टक्के ३,४५०. मर्यादा २,०००, म्हणून २,०००. हीट पंपच्या बाबतीत बसवण्याची मजुरी धरता येते, ही चांगली गोष्ट.

खिडक्या, दार आणि इन्सुलेशन यांत मजुरी धरता येत नाही. फक्त माल. तुमच्या खिडक्यांच्या बिलात माल ७,४०० आणि मजुरी ३,४०० असं वेगळं लिहिलंय, ते उत्तम. ७,४०० चे तीस टक्के २,२२० होतात, पण मर्यादा ६००. दाराचा माल १,१००, त्याचे ३३०, मर्यादा २५०. इन्सुलेशनचा माल १,५००, त्याचे ४५०. ऑडिटचे ४००, त्याचे १२०. बेरीज १,४२०. मिळणार १,२००.

पहिली कामाची गोष्ट इथेच आहे. तुमची बेरीज मर्यादेच्या वर २२० ने गेली आहे. म्हणजे ऑडिट पूर्ण सोडून दिलं तरी १,३०० होतात आणि क्रेडिट १,२०० च राहतं. ऑडिटचे कागद मी पाहिले (तुम्ही पाठवलेत ते बरं केलंत). २०२४ पासून ऑडिट करणारा माणूस ऊर्जा खात्याच्या यादीतल्या एखाद्या संस्थेने प्रमाणित केलेला असावा लागतो आणि अहवालात तसं लिहावं लागतं. तुमच्या अहवालात ते वाक्य नाही. ते मिळवायला चार फोन करण्यापेक्षा ऑडिट फॉर्मवर लिहूच नका. एक पैसाही जात नाही आणि कच्चा कागद फाइलमध्ये राहत नाही. असल्या बारीक निवडी करायला सॉफ्टवेअर सांगत नाही. ते फक्त रकमा विचारतं.

खिडक्यांचंही तसंच. मालाची किंमत २,००० झाली की सहाशेचा कप्पा भरतो. म्हणून मजुरी आणि मालाची विभागणी नेमकी किती यावर कॉन्ट्रॅक्टरशी वाद घालत बसू नका, तुमच्या बाबतीत त्याने काही फरक पडत नाही. इन्सुलेशनच्या बिलात मात्र विभागणी लागतेच.

दुसरी गोष्ट आहे वस्तूच्या दर्जाची, आणि माझ्याकडे येणारी निम्मी क्रेडिट्स इथेच अडतात. खिडकी नुसती एनर्जी स्टार (ऊर्जा वाचवणाऱ्या वस्तूंवरचा सरकारी शिक्का) असून भागत नाही, ती एनर्जी स्टारच्या 'मोस्ट एफिशियंट' यादीतली हवी. दाराला साधं एनर्जी स्टार चालतं. हीट पंपला सीईई या संस्थेने लावलेल्या श्रेणींपैकी सर्वांत वरची श्रेणी लागते (त्याच्याही वर 'ॲडव्हान्स्ड' म्हणून एक आहे, ती लागत नाही). हीट पंपच्या बाबतीत बाहेरचं युनिट आणि आतलं कॉइल यांची जोडी मिळून दर्जा ठरतो. बाहेरचं युनिट उत्तम आणि आतलं जुनंच ठेवलेलं, असं झालं तर जोडी नापास होऊ शकते. म्हणून कॉन्ट्रॅक्टरकडून एएचआरआय सर्टिफिकेटचा नंबर मागा. त्यावर जोडीचे दोन्ही मॉडेल नंबर असतात. खिडकीच्या काचेवर चिकटवलेलं लेबल काढण्याआधी फोटो काढून ठेवायला मी सगळ्यांना सांगते आणि कुणी ऐकत नाही. ताई, तुमच्या घरातल्या कुणीतरी ऐकलंय, नऊपैकी दोन खिडक्यांचे फोटो आहेत. एकाच मॉडेलच्या असतील तर पुरे.

तिसरी गोष्ट २०२५ ची खास आहे. खिडक्या, दारं आणि हीट पंप यांच्या बाबतीत बनवणारी कंपनी आयआरएसकडे नोंदलेली असावी लागते आणि त्या कंपनीचा चार अक्षर-आकड्यांचा कोड फॉर्म ५६९५ वर लिहावा लागतो. कोड नसेल तर क्रेडिट नाही. हा कोड तुमच्या मशीनचा नाही, कंपनीचा आहे, म्हणून बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर कर-क्रेडिटच्या पानावर तो मिळतो. इन्सुलेशनला तो लागत नाही. तुमच्या खिडक्या आणि हीट पंपचे कोड मला मिळाले. दाराचा नाही, कारण बिलावर फक्त "फायबरग्लास एंट्री डोअर" असं लिहिलंय आणि बनवणाऱ्याचं नाव नाही. दाराच्या बिजागऱ्यांच्या बाजूच्या कडेवर एक छोटी चकती किंवा स्टिकर असतं. दार उघडून बघा आणि फोटो पाठवा. ते सापडलंच नाही, तर मात्र ऑडिट सोडायचा विचार बदलावा लागेल. ६०० आणि ४५० मिळून १,०५० च होतात, आणि मग ऑडिटच्या १२० साठी ते चार फोन करावे लागतील. तेव्हा आधी दार बघा.

आता छप्पर. सोलर बसवायचं म्हणून छप्पर नवं केलं तरी साध्या शिंगल्सच्या (छपरावर ठोकायच्या पट्ट्यांच्या) छपराला क्रेडिट नाही. सोलर पॅनेल पेलणं हे छपराचं काम असलं तरी ते छप्परच राहतं. ज्या शिंगल्स स्वतः वीज तयार करतात त्यांची गोष्ट वेगळी, तुमच्या तशा नाहीत. मागे एकदा एका कुटुंबाचं बिल माझ्याकडे आलं, त्यात छप्पर आणि सोलर एकाच ओळीत "सोलर रूफ पॅकेज" म्हणून घातलं होतं. मी ते फोडून मागितलं, तर कॉन्ट्रॅक्टरने नवं बिल पाठवलं आणि त्यात छपराची किंमत जेमतेम हजार डॉलर दाखवली. अख्ख्या घराचं छप्पर हजारात कोण करून देतं? मी तो रिटर्न केला नाही. तुमची दोन बिलं वेगळी आहेत, तेव्हा हा प्रश्न येत नाही.

सोलरवर जरा थांबू, कारण सगळ्यात मोठी रक्कम तिथे आहे आणि तारखेचा खेळही.

ही क्रेडिट्स मुळात २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टने वाढवली होती. २५सी २०३२ पर्यंत आणि २५डी त्याच्याही पुढे चालणार होतं. मग ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने दोन्ही ३१ डिसेंबर २०२५ ला तोडली. २५सी साठी वस्तू त्या तारखेपर्यंत बसवून वापरायला तयार हवी. २५डी मध्ये कायद्याची भाषा आहे की 'खर्च' ३१ डिसेंबर २०२५ नंतरचा नको. ते वाचून पुष्कळांनी ऑक्टोबरमध्ये पूर्ण पैसे भरून टाकले आणि निश्चिंत झाले. पण त्याच कलमात आधीपासून लिहिलंय की बसवण्याचं काम पूर्ण होतं तेव्हा खर्च झाला असं धरायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये आयआरएसने हे स्पष्टच केलं: पैसे २०२५ मध्ये भरले आणि काम २०२६ मध्ये संपलं, तर क्रेडिट नाही.

तुमच्या तारखा अशा आहेत. करार सप्टेंबरमध्ये, पूर्ण पैसे नोव्हेंबरमध्ये, पॅनेल आणि वायरिंग १९ डिसेंबरला पूर्ण, टाउनशिपची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, शेवटची तपासणी २९ डिसेंबरला पास, आणि वीज कंपनीची चालू करायची परवानगी १४ जानेवारी २०२६ ला. यजमान घाबरलेत ते या शेवटच्या तारखेमुळे. माझं मत असं: कायदा बसवण्याचं काम पूर्ण झालं का ते विचारतो, ग्रिडला वीज गेली का ते विचारत नाही. तुमचं काम डिसेंबरमध्ये पूर्ण झालं आणि टाउनशिपने ते पाहून मंजूर केलं. मी हे क्रेडिट २०२५ मध्ये घेईन. त्यासाठी टाउनशिपच्या सर्टिफिकेट ऑफ अप्रूव्हलची प्रत आणि कॉन्ट्रॅक्टरचं काम पूर्ण झाल्याचं पत्र फाइलमध्ये हवं. तपासणी जानेवारीत झाली असती तर मी एवढ्या सहज हो म्हटलं नसतं. इन्व्हर्टर लागायचा राहिला होता आणि तो जानेवारीत लागला, अशी परिस्थिती असती तर सरळ नाही म्हटलं असतं.

२६,००० चे तीस टक्के ७,८००. यात पॅनेल, इन्व्हर्टर, वायरिंग, परमिटची फी, मजुरी सगळं येतं. तुम्ही रोख दिलेत म्हणून बरं. कर्जावर सोलर घेणाऱ्यांच्या करारात कर्ज काढून देण्याची फी किमतीतच मिसळलेली असते. व्याजावर आणि अशा फीवर क्रेडिट मिळत नाही, तेव्हा त्यांनी रोखीची किंमत लेखी मागावी. न्यू जर्सीत तुम्हाला सोलरच्या विजेसाठी जी प्रमाणपत्रं मिळतील आणि विकता येतील, त्यांचे पैसे या २६,००० मधून वजा करायचे नाहीत. ते वेगळं उत्पन्न आहे, पुढच्या रिटर्नच्या वेळी मला सांगा.

आता "चेक का नाही" याकडे येते. दोन्ही क्रेडिट्स फक्त तुमचा कर शून्यापर्यंत खाली आणतात. त्याच्या खाली जात नाहीत. आणि सगळी क्रेडिट्स एका ठरलेल्या रांगेत उभी असतात. तुमचा कर १२,००० आहे. पुण्याच्या बँकेतल्या ठेवींवर भारतात कापलेल्या कराचं फॉरेन टॅक्स क्रेडिट ४०० आणि मुलांच्या डेकेअरचं १,२०० आधी जातं. राहिले १०,४००. त्यात २५सी चे ३,२०० बसतात. राहिले ७,२००. सोलर रांगेत शेवटी आहे, त्याच्या पुढे दोन मुलांचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट उभं आहे, प्रत्येकी २,२००, म्हणजे ४,४००. राहिले २,८००. सोलरच्या ७,८०० पैकी यंदा एवढेच वापरले जातात आणि ५,००० पुढच्या वर्षी जातात. कायदा संपला तरी २०२५ मध्ये कमावलेलं उरलेलं क्रेडिट पुढे जातं. फॉर्म ५६९५ च्या पहिल्या भागाच्या शेवटच्या ओळीवर ते लिहिलं जातं.

तरी रिफंड येईल का? येऊ शकतो, पण तो तुमच्या पगारातून जास्त कापलेल्या कराचा. दोघांच्या डब्ल्यू-२ मध्ये (पगार आणि त्यातून कापलेला कर दाखवणारा फॉर्म) मिळून साधारण ११,५०० कापले गेलेत, आणि सगळी क्रेडिट्स लावल्यावर कर शून्य होतो. म्हणजे ते पैसे परत येतील. यजमानांना सांगा, तिकिटांचे पैसे निघतील. फक्त ते तुमचेच होते.

पुण्याच्या बंगल्याचं: दोन्ही कलमांत घर अमेरिकेत असावं लागतं. तुम्ही इथे कर भरता, सासऱ्यांना पैसे पाठवता, बंगला तुमच्या नावावर असला तरी, यातल्या कशानेही फरक पडत नाही. तिथे केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना आहे, फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेली. ती करसवलत नाही, थेट अनुदान आहे: २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये, आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८,०००. अर्ज महावितरणच्या ग्राहकाच्या नावाने होतो, तेव्हा मीटर सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांनीच तो करावा. ते अनुदान तुमच्या इथल्या रिटर्नमध्ये कुठेही येत नाही.

तुमच्या इतर छोट्या प्रश्नांची उत्तरं पटकन. यजमान बेसमेंटमधून सल्लागाराचं काम करतात, पण घराचा २० टक्क्यांपेक्षा कमी भाग त्यासाठी वापरला जातो, म्हणून क्रेडिट पूर्ण मिळतं. तुमच्या जाऊबाईंच्या कॉन्डोमध्ये असोसिएशनने सगळ्यांच्या खिडक्या बदलल्या असतील, तर त्यांच्या वाट्याच्या मालाच्या खर्चावर त्या क्रेडिट घेऊ शकतात. असोसिएशनकडून वाटणीचं पत्र मागावं लागेल. त्यांनी भाड्याने दिलेल्या दुसऱ्या घरात त्या स्वतः राहत नसतील, तर तिथल्या खर्चावर मात्र नाही. घर विकताना मूळ किमतीत या सुधारणा मिळवता येतात, पण क्रेडिट वजा करून: सोलरचे २६,००० नव्हे, १८,२००. आणि न्यू जर्सीत सोलरमुळे घराची वाढलेली किंमत प्रॉपर्टी टॅक्समध्ये धरत नाहीत, पण ते आपोआप होत नाही, टाउनशिपकडे अर्ज करावा लागतो. तो अजून केला नसेल तर या आठवड्यात करा.

२०२३ मध्ये तुम्ही गॅसचा जुना गीझर काढून हीट पंप वॉटर हीटर बसवला होता, असं शेवटी एका ओळीत लिहिलंय. ते क्रेडिट घेतलंत का? त्या वर्षीचा रिटर्न मी केला नव्हता, पण पाठवलेल्या प्रतीत फॉर्म ५६९५ दिसत नाही. २०२३ चा रिटर्न १०४०-एक्स भरून १५ एप्रिल २०२७ पर्यंत दुरुस्त करता येतो. त्या वर्षाची मर्यादा वेगळी, या वर्षीच्या तीन हजार दोनशेशी तिचा संबंध नाही, आणि तेव्हा तो चार अक्षरी कोडही लागत नव्हता. बिल शोधा. बहुधा हजारभर डॉलर तिथे पडून आहेत.

शेजारच्या कुटुंबाला सोलरवाला अजून भेटतोय आणि "क्रेडिट अजून चालू आहे" म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंत. तो खोटं बोलत नसेल, पण अर्धंच सांगतोय. तो लीज विकतोय. लीजमध्ये पॅनेल कंपनीच्या मालकीची असतात, आणि व्यवसायांसाठी असलेलं वेगळं क्रेडिट अजून काही काळ त्या कंपनीला मिळतं. घरमालकाला नाही. त्याचा काही भाग कमी भाड्याच्या रूपाने शेजाऱ्यांकडे येतोय का, हे दर वर्षी भाडं किती टक्क्यांनी वाढणार ती ओळ वाचून ठरवावं. घर विकताना तो करार नव्या मालकाच्या गळ्यात बांधावा लागतो, हेही विचारा म्हणावं.

पुढच्या वर्षी रिटर्न माझ्याकडे करा किंवा दुसऱ्या कुणाकडे, यंदाच्या फॉर्म ५६९५ ची प्रत त्यांच्या हातात द्या. २०२६ मध्ये नवं काहीच बसवलं नसेल तर "सोलर आहे का" असं कुणी विचारणार नाही, आणि ते ५,००० तुमच्या जुन्या फाइलमध्येच राहतील.